सूर स्थिरावेपर्यंत

श्यामसुंदर तरुणपणी रॉक बँडमध्ये सिंथेसायझर वाजवायचे. बँड कधीच मोडला, पण ते धूड कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलं. यंत्र जुनं; अर्धा तास तापल्याशिवाय त्याचे सूर जागेवर येत नसत. म्हणून श्यामसुंदर ऑफिसातून यायच्या आधी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईच बटण दाबून ठेवायच्या आणि दारातच सुनावायच्या, "तापलंय तुमचं धूड. चहाचं आधण मात्र अजून ठेवायचंय."

श्यामसुंदर गेले, त्याला दोन वर्षं झाली. एका संध्याकाळी मुलगा मिलिंद वारज्याहून जुन्या वाद्यांच्या एका शौकिनाला ते विकत घ्यायचं का, हे बघायला घेऊन आला.

"बाबा गेल्यापासून बंदच आहे," मिलिंद त्याला म्हणाला. "सुरू होईल की नाही, सांगता येत नाही. आईला तर त्याचा आवाजही सहन व्हायचा नाही."

त्या माणसाने वरची चादर बाजूला केली, यंत्रावर हात ठेवला आणि चमकून म्हणाला, "अहो, हे तर चांगलं तापलंय!"

मिलिंदने आईकडे पाहिलं.



"त्यांची यायची वेळ झाली ना," मंदाकिनीबाई म्हणाल्या.