रिकाम्या काट्याखाली

प्लेटचा वाक मोजणाऱ्या डायल गेजची सुई तीन मिलिमीटरवर थांबली होती. सकाळी स्वरूपाने ती शून्यावर लावली, तेव्हा वरचा वजनकाटा रिकामा होता. आत्ताही तो रिकामाच होता.

उसाची ट्रॉली उतरून पाच मिनिटं झाली होती. ट्रॉली चढली की काट्याची पोलादी प्लेट खाली वाकायची, उतरली की परत सरळ व्हायची. कारखान्याची इंजिनिअर म्हणून दर हंगामात काट्याखालच्या खड्ड्यात उतरून ती हेच तपासत आली होती. आज प्लेट परत आली नव्हती.

"मोहनराव, वर कुणी उभं आहे का?"

"कोण न्हाय ताई," काटाबाबू मोहनराव खोलीतूनच म्हणाले. "काटा बी शून्य दाखवतोय."

तिने बॅटरी डोक्यावरच्या प्लेटवर धरली. तांबड्या रंगाला चीर गेली होती. बोट लावताच एक खपली वहीवर पडली. दर दसऱ्याला जुना रंग न खरवडता वरून नवा हात द्यायचा, ही इथली रीत. खपलीच्या कडेला बारा थर मोजता आले.

वहीत तीन वर्षं एकच नोंद होती. जाडी दहा पूर्णांक चार मिलिमीटर, किमान लागते दहा. खाली तिच्याच अक्षरात, तिन्ही वेळा: पुढील हंगामात बदलावी.

ध्वनिलहरींनी जाडी मोजायचं यंत्र ती रंगावरच टेकवत आली होती. रंगातून ध्वनी सावकाश जातो; यंत्राला रंगाचा थर दुपटीहून जाड पोलादाचा वाटतो. आता तिने ते उघड्या धातूला टेकवलं.

सहा पूर्णांक एक.

तिने हात मागे घेतला. सुई आणखी एक रेषा सरकली.

ती वर आली. वरकुट्याच्या म्हस्कूआबांची बैलगाडी काट्याच्या तोंडाशी अडली होती. बैलांनी मान खाली घालून प्लेटचा वास घेतला आणि दोन्ही मागे सरले.

"रोज जात्यात हितनं," आबा म्हणाले. "आज पाय टाकंनात."

"सकाळधरनं चौथी गाडी ही," मोहनराव हसले. "ट्रॅक्टर तेवढं बिनबोभाट जात्यात. बैलास्नी इंजिनेरिंग कळाय लागलं जणू. ताई, बघून झालं न्हवं? रांग पार फाट्यापातुर गेलीया. ठीक हाय न्हवं समदं?"

स्वरूपा त्या तिन्ही नोंदी पुन्हा वाचत होती. वही तिच्या हातात उघडीच होती.

आबांनी कासरा मनगटाला गुंडाळला. "माझ्या मागनं येतील," म्हणत ते बैलांकडे तोंड करून उलट्या पावलांनी प्लेटवर चढले.

खोलीतल्या पाटीवर आकडा उमटला. छप्पन्न किलो. खालून खपल्या पडल्याचा बारीक आवाज आला.

"आबा, खाली उतरा," ती म्हणाली.

"आं?"

"उतरा आधी."

आबा उतरले. आकडा शून्यावर आला. बैल जागचे हलले नाहीत. रिकाम्या प्लेटखाली खपल्या पडतच राहिल्या, एक, मग थांबून आणखी एक.

मोहनरावांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काटा बंद करा," स्वरूपा म्हणाली.