हललं ते पुसट

अलिबागच्या गोगटे वकिलांना किड्यांचे फोटो काढायचा नाद. आगरदांड्याच्या धक्क्यावर गलबतवाल्या हसनमियांच्या हातातल्या काठीवर चतुर बसला, तशी त्यांनी कॅमेऱ्याची तिकाटी मांडली.

"काठी तोंडासमोर धरा. हलू नका हां, हललं ते पुसट येतं."

हसनमियां श्वास रोखून उभे राहिले. वकिलांनी भिंग चतुरावर नेमकं जुळवलं. बायको कुबरा बाजूला हसू दाबत होती.

त्याच हंगामात हसनमियांचं गलबत त्यांच्यासकट बुडालं. कुबरा वकिलांच्या दारात आली.

"साहेब, ह्यांची दुसरी तसबीर न्हाय कुठं."

वकिलांनी फोटो दिला. चतुराच्या पंखांची शीर न् शीर दिसत होती. मागे, चेहऱ्याच्या जागी, नुसता पांढुरका डाग.

कुबरानं फोटो उजेडात धरला, पुन्हा जवळ आणला.

"पण साहेब... हे तर हलले नव्हते."