रेशनकार्डावरची नात
रंगूनहून लेकानं आणलेल्या आईवेगळ्या नातीचं नाव रेशनकार्डावर चढवायला गोदूबाई कल्याणच्या कचेरीत उभी होती. रांगेतली एक बाई "चिनी, चिनी" करून हसली, तशी पोर आजीच्या पदराआड लपली. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "आई ब्रह्मदेशची, बाप इथला. 'मिश्र' लिहू?" "मिश्र? पोर आहे की भाजणी?" "मग नात्यापुढे काय? आश्रित?" "अहो, डोळे तिचे बारीक, पण दिसत तुम्हाला नाही! ही हनुवटी बघा, थेट माझी. 'नात' लिहा." कारकून ओशाळला. "लोक चिनी म्हणतात म्हणून विचारलं, आजी." गोदूबाई रांगेकडे वळून कडाडली, "म्हणू देत की! आमचा दूधवाला भय्या साखरेलाच चिनी म्हणतो. घरात माणूस वाढलं, आता साखर वाढवा!" शिक्का बसला. कार्ड तिनं नातीच्या हातात दिलं. ते छातीशी धरून पोर रांगेसमोरून आजीच्या पुढे निघाली.