आठच्या आत

प्रागमध्ये आपल्या पेन्शनीत हॉस्टेलची एक खाटच मिळेल, हे कळल्यावर ठोंबरेबाई डगमगल्या नाहीत. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या त्या!

खोलीत पाऊल टाकताच मात्र डोकं फिरलं. सहा खाटा, पाच स्पॅनिश पोरं आणि जमिनीवर ओले टॉवेल! दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर गेले, बूट रांगेत लागले आणि दाराला वही टांगली गेली. आठच्या आत परत यायचं. उशीर झाला, तर वहीत कारण लिहायचं. पोरांनी हसत हसत मान्य केलं.

तिसऱ्या दिवशी बाई नदीकाठी आइस्क्रीम खात बसल्या. ऊन लख्ख होतं, म्हणून दुसरंही घेतलं. घड्याळ पाहिलं, तर पावणेनऊ! इथे उन्हाळ्यात सूर्य नऊपर्यंत मावळत नाही, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

धापा टाकत पोचल्या, तर पाचही जण दारात उभे.

"वाजले किती?" सर्वांत उनाड पोराने बाईंच्याच सुरात विचारलं आणि वही पुढे केली.

मान खाली घालून बाईंनी तीस वर्षांत एकाही मुलीकडून ऐकून न घेतलेलं कारण लिहिलं: "बस बंद पडली होती."