अर्धं पाऊल मागे

"कोण गेलं?" गाडीतून उतरता उतरता साहेबांनी विचारलं.

कानात: धाकटा मुलगा. परवा. मोटरसायकलवर होता.

"घरात?"

कानात: आई. थोरला मुलगा आहे, पण तो वडिलांच्या मागे मागे असतो.

"म्हणजे वडील आहेत?"

कानात: आहेत. त्यांचा विषय नको, साहेब.

साहेबांनी मान हलवली. आमदारकीच्या पाच निवडणुका त्यांनी अशाच जिंकल्या होत्या. भाषण बेताचंच. पण मतदारसंघात कुणाच्या घरी काही झालं, की साहेब दारात हजर. नाव, नातं, दुखणं, सगळं तोंडपाठ. विरोधक म्हणायचे, या माणसाच्या डोक्यात मतदारयादी आहे.

ती यादी अर्धं पाऊल मागे चालायची, हे सहायकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

उद्या उमेदवारी जाहीर व्हायची होती. पक्षात कुजबुज सुरू होती, म्हातारा हल्ली चुकतो. आज एक शब्द इकडचा तिकडे झाला, की तिकीट गेलं. म्हणून सहायकानं कार्यकर्त्यांना फाटकातच थोपवलं. एकानं फोन वर धरला होता.

"दुःखाच्या घरात शूटिंग कसलं करतोस रे? खिशात घाल तो."

आत दोघंच गेले.

नेहमीचा क्रम. चपला बाहेर. खुर्ची नको, जमिनीवर. पाणी आधी नको, मग घोटभर.

बाई भिंतीला टेकून बसली होती. साहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई," ते म्हणाले.

बाईनं सहायकाकडे पाहिलं. सहायकानं पंख्याकडे.

"शेवटचं काय बोलला?"

हा प्रश्न साहेबांचा स्वतःचा. कुणी कानात सांगितलेला नव्हे. त्या प्रश्नानं भलेभले मोकळे व्हायचे.

"अप्पांना भेटून येतो म्हणाला," बाई म्हणाली. "भेटून आला, आणि न जेवताच पुन्हा गाडी काढली."

"अप्पा म्हणजे वडील? भांडण झालं का त्यांचं?"

"भांडण झालं असतं तर बरं. ते हसले. म्हणाले, बसा, काय काम आणलंत?"

साहेबांनी तिचे हात सोडले.

"पोटच्या पोराला असं विचारतात होय?" त्यांचा आवाज फुटला. "कसला बाप म्हणायचा हा!"

आणि ते रडायला लागले. खांदे गदगदा हलत होते. क्रमात रडणं नव्हतं.

बाईनं त्यांच्या बाहीचं सुटलेलं बटण लावलं. "असू दे," ती म्हणाली. "त्यांच्या हातात नाही ते."

दारात तिनं सहायकाला थांबवलं.

"पुरे आता. यांना पुन्हा उभं करू नकोस."

"शेवटची निवडणूक, आई."

"मागच्या खेपेलाही शेवटचीच होती."

सहायक वाकून साहेबांच्या चपला सरळ करू लागला. लोकांच्या घरची उत्तरं त्याच्याकडे नेहमी तयार असायची.

गाडीत बसल्यावर साहेबांनी रुमालाची घडी केली. डोळे ओले होते, चेहरा मात्र पुढच्या घरासाठी तयार. पक्ष कार्यालयाचा फोन वाजत होता. सहायकानं तो वाजू दिला.

"धीराची बाई," साहेब म्हणाले. "पण अशा वेळी आपलं माणूस जवळ हवं. तो नवरा कुठे उलथलाय, शोध त्याला. माझं नाव सांग. म्हणावं, बाकीचं सगळं राहू दे, आधी घरी जा."

फोन वाजायचा थांबला. सहायकानं ड्रायव्हरला गाडी मागे वळवायला सांगितली.

"सांगतो, अप्पा."