कळवतो

उत्तर न दिलेलं ते पत्र त्याच्याच मांजरांवरच्या पुस्तकात खुणेला घातलेलं निघालं, आणि तेही नेमकं बायकोच्या हाती लागलं. जातिवंत मांजरं पाळणाऱ्या बाईंनी महिन्यापूर्वी लिहिलं होतं : "ठिपक्यांची मांजरी बघून 'घरी जाऊन कळवतो' म्हणालात. तिची भावंडं नव्या घरी गेली, ही एकटीच उरली. फाटक वाजलं की दाराशी धावते. हो की नाही, एवढं तरी कळवा."

"काय खोट निघाली तिच्यात?" बायकोने विचारलं.

"डाव्या कुशीवरचे ठिपके जरा फिके आहेत," तो पुटपुटला. "पुस्तकात लिहिलंय, ठिपके ठसठशीत हवेत."

"मग नाही म्हणून मोकळं व्हायचं."

"नाही कसं म्हणू? माझ्या मांडीवर येऊन झोपली होती गं."

"म्हणजे धड होही नाही नि नाहीही नाही." बायकोने पत्राची घडी घातली. "मला बघायला आलात तेव्हाही 'कळवतो' म्हणूनच गेला होतात. मीसुद्धा फाटकाकडे कान लावून बसायची."

"पण कळवलं की नंतर!"

"तुमच्या वडिलांनी कळवलं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो टेबलाशी जाऊन बसला.

"पसंत आहे. कळवायला फार उशीर केला, माफ करावं," एवढंच त्याने लिहिलं, आणि संध्याकाळी स्वतः जाऊन पत्रं पेटीत टाकली. मजकूर दोन्हींत एकच होता. दुसऱ्या पाकिटावर पत्ता त्याच्याच घराचा होता.