खिडकीजवळची खुर्ची

"झोप लागते का आता, रहमतबी?" दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टरांनी विचारलं.

याचं उत्तर रहमतबी गेले चार महिने घरून पाठ करून येत होती. डोळ्याले डोळा लागत नाई जी. खरं तर ती आता अशी घोरत असे की भिंतीपलीकडून शेजारीण ओरडायची. पण 'बऱ्या आहेत' असं डॉक्टरांनी लिहिलं, की संस्थेतली खुर्ची गेली. घरचं माणूस गेलेल्या बायांना डॉक्टर चिठ्ठी देत, आणि संस्थेत दर मंगळवारी त्या एकत्र बसून गोधड्या शिवत. खुर्च्या दहाच. नवरा गेल्यावर गोळ्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या खुर्चीनं केलं होतं.

आज मात्र पाठ केलेलं तोंडातून निघेना.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. खेड्यातून आलेली, कमळा नावाची. महिन्याभरापूर्वी तिचा मुलगा प्रवीण तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला आणि वाघानं त्याला मारलं. तिच्या हातातली चिठ्ठी पाहून कंपाउंडर म्हणाला होता, "खुर्च्या भरल्या जी. कोणी बरं झालं का मंग तुमचा नंबर." कमळानं नुसती मान हलवली. तिचा एक हात शेजारच्या रिकाम्या जागेवर होता. रहमतबी तिथे बसायला गेली, तशी ती म्हणाली, "इथी नका बसू बाई. माहा प्रवीण येऊन राह्यला."

ती उभीच राहिली होती.

"रहमतबी? झोप?"

"लागते."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले जी."

डॉक्टरांनी लिहिलं, 'बऱ्या आहेत.'

बाहेर येऊन तिनं पिशवीतून शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढलं आणि कमळाच्या मुठीत ठेवलं. "मंगळवारी जाजो. माही खिडकीजवळची खुर्ची आता तुही. पहिले पहिले सुई टोचते."

मंगळवारी दुपारी रहमतबीनं सवयीनं धुतलेली साडी नेसली, पिशवी घेतली, दाराला कुलूप घातलं. दोन पावलं गेली आणि थांबली.

मग मागे फिरून, किल्ली हातात धरून, ती आपल्याच बंद दारापुढे पायरीवर बसली.